लाभ, दोन, तीन

कुंदाला घरी शिकवण्याची हौस मला आली, असं आमचे हे अजूनही चारचौघांत सांगतात. ते साफ खोटं आहे. वाल्मीक गुरुजींनी तिला हाताला धरून घरी आणून सोडलं, म्हणून ती घरी राहिली. आणि घरी राहिली, म्हणून मी शिकवलं. यात हौस कुठे आली?

मुळशीची शाळा तेव्हा मारुतीच्या देवळात भरायची. गुरुजी एक, इयत्ता चार. पहिली मारुतीच्या तोंडासमोर, चौथी त्याच्या पाठीशी, आणि मधल्या दोघी दोन बाजूंना. गुरुजी प्रदक्षिणा घालत शिकवायचे. पाठीशी उभं राहून त्यांनी चौथीला हिशेब घातला की समोरून, पाटीवर ग गिरवता गिरवता, आमची कुंदा उत्तर सांगायची. सहा वर्षांची पोर! पहिले काही दिवस गुरुजींना कौतुक वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की चौथीच्या पोरांनी पाट्या खाली ठेवल्या आहेत. गुरुजींनी गणित सांगितलं की मिसरूड फुटायला आलेले ते घोडे मान वळवून कुंदाकडे बघत बसायचे.

"वहिनी, पोरगी हुशार आहे," गुरुजी उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "पण तिनं माझी चौथी आळशी केली. थोडे दिवस घरीच ठेवा."

मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, पास आहे. कुणी विचारलेलं नसताना हे सांगते, कारण कुणी विचारतच नाही. मास्तरीण व्हायची माझी सगळी तयारी झाली होती. तेवढ्यात धरणाच्या कचेरीतल्या एका कारकुनाचं स्थळ आलं आणि माझ्या विद्येचं लोणचं घालून बरणीला दादरा बांधण्यात आला. त्या दिवशी गुरुजी पाठ फिरवून गेले, आणि मी ट्रंकेतून जुनी अंकगणितं काढली. पदरानेच पुसली, हे कबूल करते. पण ती हौस नव्हती. तो हक्क होता.

शेजार गप्प बसेल तर तो शेजार कसला. धोंडाबाई म्हणाल्या, पोरीला आकड्यांनी झपाटलंय, अमावस्येला नारळ उतरून टाका. एस्टीच्या थांब्यावरचा चहावाला गेणबा म्हणाला, "वैनी, टाळूवर त्याल घाला. डोकं तापलं की आकडे वर येत्यात." मी त्याला विचारलं, तुझं कधी तापलं होतं का? तर म्हणाला, "मी पैल्यापास्नं त्याल घालतुया न्हवं."

खरं सांगायचं तर कुंदाला गणित यायचं असं म्हणणंच चूक. गणित तिच्याकडे राहायला यायचं. आकडे ही तिच्या लेखी माणसं होती. बारा हा लेकुरवाळा, भला गृहस्थ; दोन, तीन, चार, सहा असे सगळे त्याच्या पंगतीला बसतात आणि कुणी उपाशी उठत नाही. तेरा मात्र माणूसघाणा. कुणाला दारात उभं करत नाही. आम्ही हैबतरावांच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. त्यांच्या मालकीणबाई सगुणाबाई, म्हणजे कुंदाच्या मते 'साठ'. लेकी, सुना, नातवंडं, गडीमाणसं, सगळे त्यांच्यात मावतात.

"आणि बाबा?" मी विचारलं.

"बाबा शून्य."

हे पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली घेतला. पण कुंदाने लगेच समजावलं, "बाबा काही बोलत नाहीत. पण ते मागे उभे राहिले ना, की आपण दहापट मोठे होतो." हे इतके खूश झाले की त्या दिवशी दोनदा माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"आणि मी?"

"तू सतरा."

सतराच्या पंगतीला कोण कोण बसतं हे मी मनातल्या मनात बघितलं आणि विषय बदलला.

तिचा सगळ्यात लाडका होता एक. "आई, एक सगळ्यांच्या घरी जातो. तेरासुद्धा त्याला येऊ देतो. पण त्याच्या घरी कुणीच जात नाही गं." असं म्हणताना तिचे डोळे भरून यायचे. आकड्यासाठी रडणारं मूल मी फायनलच्या पुस्तकात कुठे वाचलं नव्हतं.

अशी विद्यार्थिनी आणि अशी शिक्षिका, मग अडचण कसली? अडचण अशी, की मराठी भाषा ही गणितासाठी केलेलीच नाही. वजाबाकी पक्की करावी म्हणून मी एके दिवशी विचारलं, "पाच बांगड्या होत्या. त्यातल्या दोन फुटल्या. किती राहिल्या?"

कुंदाने माझ्याकडे दुःखाने पाहिलं. "फुटल्या नाही म्हणायचं. वाढल्या म्हणायचं. तूच सांगितलंस."

"बरं बाई. पाच होत्या, दोन वाढल्या. किती झाल्या?"

"सात."

यावर हे पेपराआड इतके हसले की मी त्यांना दिवा वाढवून झोपायला सांगितलं. तर कुंदा म्हणाली, "म्हणजे आता दोन दिवे?"

त्यातच नोटीस आली. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याखाली, आपली पाल्य शाळेत विनाकारण गैरहजर असल्याबद्दल आपल्याला दंड का करू नये, वगैरे. ती घेऊन कोण आलं होतं? वाल्मीक गुरुजीच.

"अहो, तुम्हीच नाही का तिला घरी आणून सोडलंत?"

"पोरीला सोडलं, वहिनी. पटावरचं नाव कुठं सोडलं? ते शाळेतच आहे."

"मग नाव काढून टाका."

"नाव काढायला कारण लागतं. गाव सोडलं, नाहीतर..." गुरुजींनी दुसरं कारण तोंडातल्या तोंडात गिळलं. "'हुशार' असं लिहायला रकाना नाही."

शेवटी उपाय त्यांनीच काढला. मोठे साहेब, म्हणजे शाळा तपासणारे डिप्टीसाहेब, सुगीच्या सुमारास तपासणीला यायचे होते. त्यांनी परीक्षा घेऊन शेरा मारला, तर कुंदाला एकदम चौथीत बसवता येणार होतं. चौथीनंतर स्कॉलरशिप, मग पुण्याला माझ्या भावाकडे राहून हायस्कूल. मी त्या रात्री झोपले नाही. पौडाच्या पुढे न गेलेली माझी विद्या पोरीच्या पायांनी पुण्याला निघाली होती.

नेमकी त्याच दिवसांत भाताची मळणी सुरू झाली.

हैबतरावांचं खळं घराच्या मागेच. कुंदा दिवसभर सगुणाबाईंच्या पदराला. एका संध्याकाळी घरी आली ती उड्या मारतच. "आई, आई, खळ्यावर एकाला एक म्हणत नाहीत! त्याचं तिथे दुसरं नाव आहे!"

गोष्ट अशी, की रास मोजायला घेतली की पहिल्या पायलीला 'एक' म्हणायचं नाही. 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. पण मी ती रीत म्हणून ऐकली होती; कुंदाने ती बातमी म्हणून ऐकली.

"पैलं माप देवाचं," सगुणाबाईंनी तिला सांगितलं होतं. "त्याला एक म्हनलं की त्ये एकलंच ऱ्हातं बग. लाभ म्हनलं की मागनं दुसरं येतंया."

झालं! ज्या एकासाठी कुंदा रडत होती, त्याच्या घरी अखेर कुणीतरी येणार होतं. त्या दिवसापासून तिच्या तोंडी एक हा शब्द राहिला नाही. लाभ अधिक लाभ दोन. बे लाभ बे. अकरा वाजता घड्याळ बघून म्हणाली, दहा आणि लाभ वाजले.

एरवी मी हसले असते. पण डिप्टीसाहेब यायचे होते! साहेबांपुढे पोरीने लाभ म्हटलं, तर ते म्हणणार, फायनल पास आईने हेच शिकवलं का? मग मी कंबर कसली. लाभ म्हटलं की पाढा पहिल्यापासून. पुन्हा लाभ म्हटलं की आज खळ्यावर जायचं नाही. कुंदा हुंदके देत 'एक' म्हणायची, आणि पुढचा पाढा पडलेल्या आवाजात पुरा करायची.

"पोरीला कशापायी रडवताय, वैनी?" सगुणाबाईंनी भिंतीपलीकडून विचारलं. "लाभ म्हनली तर काय बिघाडलं?"

"परीक्षा आहे तिची."

"आन् आमची रास न्हवं व्हय? खळ्यावर येऊन एक म्हनली तर?"

त्यांनी कुंदाला जवळ घेऊन बजावलं, की राशीपुढं एक म्हणायचं नाही, वर्षाचं धान्य असतं, घरात खाणारी तोंडं किती आहेत बघ. मी तिला बजावलं, की आता कुठेही लाभ म्हणायचं नाही, आईची शपथ. कुंदाने दोघींपुढेही मान डोलावली. गुणी पोर. सांगितलेलं ऐकायची.

आणि डिप्टीसाहेब आले. कळवलेल्या दिवशी नाही, त्याच्या आदल्या दिवशी. एस्टीतून उतरून देवळात गेले, तर तिथे मारुती एकटा. सगळी शाळा भातावर. गुरुजी चौथीच्या एका पोराच्या शेतावर पेंढ्या मोजत होते, असं मागाहून कळलं. ते धावत आले आणि साहेबांना घेऊन तडक हैबतरावांच्या खळ्यावर, कारण निम्मा पट तिथे होता. मला निरोप आला तेव्हा माझे हात पिठाचे होते. मी तशीच कुंदाचे केस सारखे करत पळाले.

खळ्यावर रास घातलेली, तिची पूजा झालेली, आणि हैबतराव हातात पायली घेऊन मोजणीला बसायच्या बेतात होते. साहेब बुटांसकट आत शिरले.

"ओ सायेब! वाहाना भायेर!" चहूकडून आरडा झाला. साहेबांनी बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो लपवायला त्यांनी तो पाय दुसऱ्यामागे घेतला, आणि पुढचा सगळा वेळ साहेब बगळ्यासारखे उभे राहिले. माणसाची अब्रू अंगठ्यापाशी अडकली की न्यायबुद्धी ठिकाणावर राहत नाही, असं माझं आजचं मत आहे.

गुरुजींनी कुंदाला पुढे केलं. "हीच ती मुलगी, साहेब."

साहेब जीवनशिक्षणवाले होते. तेव्हा ते वारंच होतं; पुस्तकातलं गणित खोटं, शेतातलं खरं. "अरे वा!" ते म्हणाले, "मग पाटी कशाला? हेच धान्य मोजू दे की तिला. तुम्ही मापं टाका हो, मुलगी मोजेल."

मी पिठाचे हात पदराआड घेतले.

हैबतरावांनी पायली भरली, हाताने सपाट केली, आणि पोत्याच्या तोंडाशी नेऊन थांबले. सगळं खळं कुंदाकडे बघू लागलं. तिने तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मी पदराआडून एक बोट वर केलेलं होतं. तिने सगुणाबाईंकडे पाहिलं. त्या राशीला हात जोडून उभ्या होत्या, आणि डोळे कुंदावर.

तिने तोंड मिटलं. पायली मुकाट्याने पोत्यात गेली.

दुसरी भरली. "दोन!" कुंदा खणखणीत म्हणाली. मग तीन, चार, पाच. आवाज असा लागला होता, की हैबतरावांचे हात भराभर चालायला लागले.

"थांबा, थांबा," साहेब म्हणाले. "पहिलं माप कुठे गेलं? बाळ, दोनाच्या आधी काय येतं?"

कुंदा गप्प.

"घाबरू नकोस. दोनातून एक गेला, किती राहिला?"

गप्प. साहेब मनाने वाईट नव्हते, हेच आमचं दुर्दैव. पोरगी बुजली असं समजून ते सोपं सोपं विचारत गेले. आणि प्रश्न जितका सोपा, तितकं त्याचं उत्तर हमखास एकच. तुला नाक किती? आकाशात सूर्य किती? मारुतीला शेपूट किती? कुंदाचे पाण्याने भरलेले डोळे माझ्यावरून सगुणाबाईंवर आणि तिथून परत माझ्यावर जात होते. तेवीस सत्ते किती विचारलं असतं, तर तिने रडत रडतसुद्धा सांगितलं असतं.

"साहेब, काहीतरी मोठं विचारा हो!" मी ओरडलेच.

"बाई, जिला एक येत नाही, तिला मोठं काय विचारू?"

"येतं तिला! ह्यांच्या लाभापायी बोलत नाही ती! ह्या तुमच्या लाभाने माझ्या मुलीचं वाटोळं केलं, सगुणाबाई!"

सगुणाबाईंनी कानांवर हात ठेवले. "राशीपुढं वाटोळं म्हनलात, वैनी? भरल्या राशीपुढं?"

"मग काय म्हणू? वाढोळं?"

ते मी म्हणायला नको होतं. मग काय झालं ते सांगण्यासारखं नाही. सुना बोलल्या, धोंडाबाई बोलल्या, नारळ उतरवून टाकला असता तर ही वेळ आली नसती असंही कुणीतरी बोललं. हैबतराव पायली हातात धरून 'आता पैल्यापास्नं मोजायचं का म्होरं?' एवढंच विचारत राहिले. साहेब बूट हातात घेऊन मोज्यांवरच बाहेर पडले. जाताना गुरुजींना सांगून गेले, "पहिलीतच बसवा. एकपासून सुरुवात करा. आणि घरी शिकवायचे असले प्रयोग पुन्हा नकोत."

प्रयोग! फायनल पास बाईच्या शिकवण्याला प्रयोग! मी दोन दिवस जेवले नाही. कुंदा मात्र जेवली, झोपली, आणि तिसऱ्या दिवशी दप्तर घेऊन मारुतीसमोर जाऊन बसली. गुरुजींनी तिच्या पाटीवर हा एवढा मोठा एक काढून दिला. ती गिरवायला लागली. पाठीमागे हिशेब घातला गेला. चौथीच्या पोरांनी सवयीने माना वळवल्या. कुंदाने मान वर केली नाही.

"चौथी परत अभ्यासाला लागली, वहिनी," गुरुजी मला रस्त्यात भेटून म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "पोरगी आता अजिबात त्रास देत नाही."

घरीही देईना. मी एकदा भाकरी थापताना सहज विचारावं तसं विचारलं, "कुंदे, आज बारा काय म्हणतोय?"

"आई, बारा हा आकडा आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या मोठ्या बाईने समजावून सांगावं तसं तिने मला समजावून सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला, पण या वेळी ते हसले नाहीत.

सगुणाबाईंचं आणि माझं बोलणं संक्रांतीपर्यंत बंद होतं. एका ओट्यावर पाठीला पाठ लावून आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो आणि ऊन खात होतो. शेवटी संक्रांतीच्या सकाळी त्याच आल्या, हातात तिळगुळाची वाटी घेऊन. बसल्या.

"पोर आता आमच्याकडं आली तरी गप बसती," त्या म्हणाल्या. "नातवंडांत वाटायला बोरं दिली तिच्याकडं, तर म्हनली, तुमीच वाटा. आधी कशी झटक्यात वाटायची. मला लई वंगाळ वाटतंया, वैनी. दोन दानं कमी आलं असतं तर काय मेलो असतो व्हय आमी?"

मला रडू फुटलं. म्हटलं, चूक तुमची कशी, शपथ मी घातली होती. त्या म्हणाल्या, न्हाई, बजावलं मीच. असं आम्ही दोघी थोडा वेळ तिथेही भांडलो. मग आम्ही कुंदाला हाक मारली. ती शाळेला निघाली होती. दप्तर खांद्याला लावूनच आमच्यापुढे येऊन उभी राहिली.

सगुणाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "कुंदे, म्हन बरं एक. खळ्यावर म्हन, राशीपुढं म्हन, कुटं बी म्हन. आमचं काय बी जात न्हाई."

"नाही गं राणी," मी म्हटलं, "तू लाभच म्हण. मी शपथ सोडवली. साहेब येवोत नाहीतर आणखी कुणी येवो, तू आपली लाभ म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलं. सगुणाबाईंकडे पाहिलं. आम्ही दोघी आशेने तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग तिने हळूच आपले हात सोडवून घेतले.

"मला पहिलं येत नाही," ती म्हणाली. "गुरुजी शिकवतील तेव्हा येईल."

आणि आम्हा दोघींच्या हातावर तिळगूळ ठेवून, दोघींनाही वाकून नमस्कार करून, ती शाळेत गेली.